वाचकांचे प्रश्न : परके शहर ओळख कधी देते?

जून-जुलै म्हणजे आपल्या भागात बॅगा भरण्याचा हंगाम. कुणी रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बंगळुरूला निघतो, कुणी निपाणीवरून पुण्याची बस धरतो. त्यामुळे या वेळी आलेल्या पत्रांत नव्या शहरातल्या माणसांविषयीचे प्रश्न बरेच होते. त्यांपैकी तीन येथे घेतले आहेत, आणि एक पत्र उलट दिशेने, म्हणजे बाहेरून बेळगावात आलेल्या कुटुंबाचे आहे.

प्रश्न : माझा मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकला आणि पुढे बेळगावात अभियांत्रिकी झाला. आता त्याला बंगळुरूला नोकरी लागली आहे. कन्नड त्याला समजते, पण बोलताना अडखळतो. तिथे मोडके कन्नड बोलणाऱ्याला लोक तोंडावर बोलतात, आजारी पडले तर शेजारी विचारतही नाहीत, असे शेजारणी सांगतात. ही माणसे खरोखर अशी आहेत काय?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी येतात. अडलेल्या माणसाला जागच्या जागी मदत करणे ही एक गोष्ट, आणि नव्या माणसाला आपल्यात घेणे ही दुसरी. बंगळुरू पहिल्या गोष्टीत मुळीच कमी नाही. सकाळी सहाला मॅजेस्टिकच्या बसस्थानकावर उतरून कोणत्या फलाटावर जायचे हे विचारा. एक जण सांगेल, आणि त्याने चुकीचे सांगितले असेल तर मागचा दुसरा येऊन दुरुस्त करील. दुसऱ्या गोष्टीला मात्र तिथे वेळ लागतो, कारण त्या शहरात आज भेटलेला माणूस वर्षभराने तिथेच असेल याची खात्री कोणालाच नसते. भाडेकरू अकरा महिन्यांनी जातो, सहकारी नोकरी बदलतो आणि पीजीतला खोलीचा जोडीदार तर महिन्याभरातही बदलतो. अशा ठिकाणी माणूस आपुलकी जपून खर्च करतो; त्याला माणूसघाणेपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

भाषेची भीती निम्मी खरी आहे, आणि खरा निम्मा भाग आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवा. २०११च्या जनगणनेत बंगळुरू शहर जिल्ह्यात कन्नड मातृभाषा असणारे निम्म्यापेक्षा कमी भरले. आपल्याच राजधानीत आपण संख्येने निम्मेही नाही, ही जाणीव असलेल्या माणसाला दहा वर्षे तिथे राहूनही ‘कन्नड गोत्तिल्ला’ एवढेच कन्नड येणारा माणूस भेटला, की त्याला काय वाटत असेल हे मी बेळगावच्या माणसाला समजावून सांगावे असे नाही. दुकानाच्या पाटीवरून, शाळेवरून, अर्जाच्या भाषेवरून मन दुखावले जाण्याचा अनुभव आपण, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले त्या १ नोव्हेंबर १९५६ पासून, घेत आलो आहोत. फक्त तिथे बाजू उलटी आहे. तुमचा मुलगा अडखळत का होईना बोलतो, यातच त्याचे अर्धे काम झालेले आहे. ‘कन्नड येत नाही’ आणि ‘कन्नड शिकतो आहे’ या दोन वाक्यांना तिथे मिळणाऱ्या वागणुकीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

शिवाय त्याचे कन्नड मोडके असले तरी ते आपल्याकडचे आहे. आपण ‘या’ म्हणायला ‘बर्री’ म्हणतो, तिकडे ‘बन्नी’ म्हणतात. आपल्या प्रत्येक वाक्याच्या शेपटाला ‘री’ लागते. पहिले दोन-चार दिवस लोक या ‘री’ला हसतील. पण त्यातून समोरच्याला हेही कळते की हा मुलगा हुबळी-बेळगावकडचा आहे, म्हणजे परका असला तरी आपल्याच राज्यातला आहे. त्या शहरात ज्वारीची भाकरी आणि भरल्या वांग्यांची भाजी वाढणाऱ्या उत्तर कर्नाटकी खाणावळी पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या पाटीवर कन्नड लिपीत ‘खानावळी’ हाच शब्द असतो. तो वाचून त्याला आपला वाटेल, आणि गल्ल्यावर बसलेल्या धारवाड-विजापूरकडच्या माणसालाही तो आपलाच वाटत असतो. तिथे वाद घालू नये, भाकरी खावी.

मराठीचेही तिथे अगदीच वावडे आहे असे नाही. शहाजीराजांकडे बंगळुरूची जहागीर होती, मल्लेश्वरममधले काडु मल्लेश्वराचे देऊळ व्यंकोजीराजांनी बांधले असे सांगतात, आणि गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे. मंडळाचा पत्ता त्याच्याकडे असू द्या, मात्र प्रत्येक रविवार तिथेच घालवण्याचा आग्रह धरू नका. मंडळात रमलेल्या मुलाला शहर फक्त खिडकीतून दिसते.

आता आजारपणाविषयी, कारण पत्रातली तुमची खरी काळजी तीच आहे. नव्वदच्या दशकात मी स्वतः दोन वर्षे बंगळुरूत काढली. खोलीच्या कोपऱ्यावर एक दर्शिनी होती. दर्शिनी म्हणजे उभ्याने खाण्याचे हॉटेल. रोज सकाळी आठच्या सुमारास मी तिथे दोन इडल्या आणि अर्धा कप कॉफी घेत असे. कूपन देणाऱ्या माणसाशी माझे सुट्या पैशांपलीकडे एक अक्षर बोलणे झाले नव्हते. एकदा तापाने तीन दिवस अंथरुणावर पडून होतो. शेजारच्या दोन्ही खोल्यांतून कुणीही डोकावले नाही आणि मीही मनातल्या मनात त्या शहराला भरपूर शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी भिंतीचा आधार घेत दर्शिनीपर्यंत गेलो, तर तो माणूस कूपन फाडता फाडता मान वर न करता म्हणाला, ‘यल्लि होगिद्री, मूरु दिन?’ म्हणजे तीन दिवस होतात कुठे? त्याने दिवस मोजले होते.

स्टॅन्ली मिलग्रॅम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली अशाच माणसांविषयी लिहिले. उपनगरी रेल्वेच्या फलाटावरच्या प्रवाशांची छायाचित्रे काढून त्याने त्याच प्रवाशांना दाखवली, तेव्हा प्रत्येक प्रवाशाला सरासरी चार चेहरे असे ओळखीचे निघाले ज्यांच्याशी तो कधीच बोललेला नव्हता. त्याने त्यांना ‘ओळखीचे परके’ म्हटले. मोठ्या शहरात ओळखीचा पहिला पदर हा असतो आणि तो बोलण्याने नव्हे, रोज त्याच वेळी त्याच जागी दिसण्याने तयार होतो. म्हणून मुलाला सांगा : चहाची टपरी बदलू नकोस, शक्यतो त्याच वेळेची बस धर, न्हावीसुद्धा एकच ठेव. आणि घर लगेच घेऊ नका. दहा महिन्यांचे भाडे ॲडव्हान्स म्हणून मागण्याची तिथली जुनी पद्धत अजून पुरती गेलेली नाही, तेव्हा पहिले सहा महिने पीजी बरा. पीजीच्या व्यवस्थापकाचा आणि खोलीतल्या जोडीदाराचा, असे दोन नंबर तुमच्या फोनमध्ये पहिल्या दिवशीच असू द्या. मुलगा लाजेल, तरी घ्या.

प्रश्न : जगातल्या मोठ्या शहरांत सर्वांत उद्धट लोक मुंबईचे, असे एका पाहणीचा हवाला देऊन माझा नातू मला ऐकवतो. मी १९७४ साली बेळगाव तालुक्यातून गिरणीत कामाला गेलो आणि लालबागला आमच्या गावच्या खोलीत राहिलो. त्या शहराने मला उपाशी ठेवले नाही. पाहणी खोटी की माझी आठवण खोटी?
— एक सेवानिवृत्त वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : काका, दोन्ही खरे आहेत. नातू सांगतो ती पाहणी रीडर्स डायजेस्टने २००६ साली ३५ शहरांत केली. मागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवतात का, कुणाचे कागद पडले तर उचलून देतात का, आणि दुकानदार गिऱ्हाइकाला आभाराचा शब्द बोलतो का, अशा तीन कसोट्या होत्या. त्यांत न्यूयॉर्क पहिले आले आणि मुंबई शेवटची. आता गणपत गल्लीतल्या कुठल्या दुकानदाराने तुम्हाला ‘धन्यवाद’ म्हटल्याचे आठवते? ‘परत या’ म्हणेल, फार तर ‘बसा की, चहा सांगतो’ म्हणेल. आणि त्या मोजपट्टीवर शून्य घेऊन मोकळा होईल.

नातवाला दुसरी पाहणीही दाखवा. रॉबर्ट लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ देशांतल्या मोठ्या शहरांत रस्त्यावरची मदत मोजली : पडलेले पेन उचलून देणे, पाय दुखावलेल्या माणसाची खाली पडलेली मासिके गोळा करून देणे, आंधळ्याला रस्ता ओलांडून देणे. तीत रिओ द जानेरो पहिले आले, आपले कोलकाता चौथे, आणि न्यूयॉर्क शेवटून दुसरे. एका मोजणीत पहिले आलेले शहर दुसरीत तळाला जाते, तेव्हा चूक शहराची नसते. मुंबईचे म्हणाल तर तिथली माणुसकी मोजायची जागा म्हणजे लोकलमधली चौथी सीट होय. तिघांच्या बाकावर बसलेला माणूस, समोरच्याचे तोंडही न पाहता, दोन बोटे सरकून चौथ्याला टेकायला जागा देतो. त्यात हसू नाही, नमस्कार नाही, आभार तर नाहीतच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा गुडघाभर पाण्यातून चालत निघालेल्या अनोळखी माणसांना लोकांनी घरात घेतले, चहा-बिस्किटे वाटली आणि पोरीबाळींना रात्रभर ठेवून घेतले. ते लोक आदल्या दिवशी कुणासाठी दार धरून उभे राहिले नसते.

तुमच्या आठवणीत एक दुरुस्ती मात्र सुचवतो, रागावू नका. तुम्हाला उपाशी ठेवले नाही ते मुंबईने की गावाने? गावच्या खोलीत भिंतीला ट्रंका लावलेल्या, आणि पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर पथारी पसरणार. मंडळाची वर्गणी, खाणावळीची उधारी, पगार होईपर्यंत कुणी ना कुणी जामीन. ही सगळी व्यवस्था गावाने लालबागेत उचलून नेऊन ठेवलेली होती. ज्याच्या गावाची खोली नव्हती, किंवा ज्याच्या जातीला त्या खोलीत पथारी पसरता येत नव्हती, त्याची १९७४ची मुंबई निराळी होती. शहराचा स्वतःचा हात म्हणायचा तर तो खाणावळवाल्या बायांचा. परळ-लालबागेत या बाया घरच्या चुलीवर गिरणी कामगारांचे डबे रांधत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांचेच अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. ओळख ना पाळख असलेल्या माणसाला महिनाभर उधारीवर जेवू घालणे ही माझ्या मते कुठल्याही पाहणीत न बसणारी कसोटी आहे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि पुढे ती उधारीही बुडत गेली, पण ते तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार.

प्रश्न : मी निपाणीची. आठ महिने झाले, पुण्यात शिकते, कॉट बेसिसवर राहते. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये मी ‘मी जेवून येतो’ म्हटले आणि सगळे टेबल हसले. तेव्हापासून मी कमीच बोलते. एवढ्या महिन्यांत एकाही मैत्रिणीने घरी बोलावलेले नाही. मराठी शहरातच मला परके वाटावे, हे समजत नाही.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : बाळ, तुझ्या पत्रातले शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. बंगळुरूला जाणारी आपली मुले परके वाटणार हे गृहीत धरूनच जातात. पुण्याला जाणारी मात्र आपल्या घरी जातो आहोत अशा समजुतीने जातात. इथे सीमेवर आपण मराठीसाठी मोर्चे काढतो, वाद पेटला की कोगनोळीच्या नाक्यावर दोन्हीकडच्या गाड्या अडकतात, आणि ज्या मराठीसाठी हे सारे सोसले ती तिकडे नेली की मेसमधले टेबल हसते. अपेक्षा मोठी असल्यामुळे ओरखडा खोल जातो.

‘मी येतो’, ‘मी जातो’ असे बायकांनी म्हणणे ही चूक नव्हे. कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत आपल्या आया-आज्या असेच बोलत आल्या आहेत. पुण्याची बोली पाठ्यपुस्तकात गेली एवढाच काय तो फरक. तरी पुढच्या वेळी कुणी हसले तर रुसण्यापेक्षा तूच सांग की आमच्याकडे असेच म्हणतात, आणि ‘जा की’, ‘बस की’ मधला ‘की’ कसा लावायचा तेही शिकव. हसणाऱ्यांपैकी निम्म्या मुली स्वतः नांदेड, जळगाव, चंद्रपूरहून आलेल्या असतील आणि आपापली बोली ट्रंकेत कुलूपबंद करून बसलेल्या असतील. हे मी अंदाजाने लिहितो, पण मेसमध्ये एकदा चौकशी करून पाहा.

घरी न बोलावण्याविषयी. पुण्यातल्या दुपारच्या एक ते चारवर आणि दारावरच्या पाट्यांवर इतके विनोद झाले आहेत की त्यांत भर घालण्यात अर्थ नाही. पण त्याच शहरात परगावच्या गरीब विद्यार्थ्याने वार लावून जेवण्याची पद्धत होती : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात घरांनी मिळून एक मुलगा जगवायचा. ती पद्धत बहुतांशी एका जातीपुरती होती, हे झाकू नये. पुढे विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्थांच्या वसतिगृहांनी खेड्यातल्या मुलामुलींसाठी दार अधिक रुंद केले. सांगायचे हे की पुण्याने नव्या माणसाला घरात घेतले ते नेहमी कामानिमित्त, वेळ ठरवून. ‘सहज आले होते’ हा आपला निपाणीचा परवलीचा शब्द तिथे चालत नाही. आपल्याकडे न सांगता येणे म्हणजे जवळीक. तिथे ती अडचण.

तेव्हा आमंत्रणाची वाट पाहू नकोस, कामात शीर. एखाद्या महाविद्यालयीन नाट्यस्पर्धेच्या तालमीत पडदे ओढायला जा, गणपतीत ढोल पथकात नाव घाल, रविवारी टेकडीवर चढणाऱ्यांत मिसळ. पुणेरी माणूस तोंडावर गोड बोलणार नाही, पण तालमीला तू दोन आठवडे वेळेवर आलीस तर तिसऱ्या आठवड्यात आईने दिलेल्या डब्यातली थालीपिठाची अर्धी चतकोर तुझ्यापुढे सरकवील, आणि नंतर कधीतरी, सहा ते साडेसात अशी वेळ सांगून, घरीही बोलावील. त्या वेळेला जा आणि साडेसातला ऊठ.

आणखी एक. कमी बोलायचे तू ठरवलेस, ते मात्र मला अजिबात आवडलेले नाही.

प्रश्न : नोकरीतील बदलीमुळे आम्ही विदर्भातून बेळगावला आलो. लोक प्रेमळ आहेत, पण पहिल्या पाच मिनिटांत इतके प्रश्न विचारतात की गुदमरायला होते. शिवाय दुकानात कोणत्या भाषेत सुरुवात करावी हे कळत नाही. नव्या माणसाने इथे कसे वागावे?
— एक गृहिणी, टिळकवाडी

उत्तर : वहिनी, तुमचे पत्र वाचून आधी हसू आले आणि मग थोडी शरम वाटली. गाव कुठले, माहेर कुठले, भाडे किती देता, मुलाला किती टक्के पडले, हे प्रश्न आमच्याकडे हवापाण्यासारखे आहेत. उत्तर दिले नाही तरी कुणी रागावत नाही, फक्त पुन्हा विचारतात. ‘तुम्ही कुणापैकी?’ हा प्रश्न मात्र तेवढा निरागस नाही. तो जातीचा प्रश्न आहे आणि पुष्कळदा घर भाड्याने द्यायचे की नाही ते त्याच्या उत्तरावर ठरते. मोठ्या शहरांच्या कोरडेपणावर वर इतके लिहिल्यावर हे सांगणे भाग आहे की बंगळुरूत किंवा मुंबईत ज्याला कुणी काही विचारत नाही, त्याला त्या न विचारण्यातच कधी कधी पहिल्यांदा मोकळा श्वास मिळतो. आमच्याच गल्लीतून तिकडे गेलेले आणि परत येण्याचे नाव न काढणारे काही जण मला माहीत आहेत. या प्रश्नाला तुम्ही ‘नागपूरकडचे’ एवढेच उत्तर द्या आणि विषय बदला. तुमचे चुकले असे कुणी म्हणणार नाही.

भाषेची काळजी सोडा. खडेबाजारातला दुकानदार तुम्ही पायरी चढेपर्यंत तुमची भाषा ओळखतो. मराठीत भाव सांगतो, नोकराला कन्नडमध्ये माल काढायला लावतो आणि मागच्या लष्करी गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलतो. तुम्ही मराठीत सुरुवात करा. भाजीला जाल तेव्हा मात्र टोपली घेऊन आजूबाजूच्या खेड्यांतून आलेल्या बायांशी ‘यष्टु?’ म्हणजे केवढ्याला, आणि ‘साकु’ म्हणजे पुरे, हे दोन कन्नड शब्द बोलून पाहा. पेंडीवर एखादी जुडी जास्त पडते, हा माझ्या घरचा अनुभव आहे.

शेजारणीने सणासुदीला काही पाठवले तर तो डबा धुऊन रिकामा परत करू नका. आमच्याकडे डबा रिकामा जात नाही. घरात काही केलेले नसेल तर चिमूटभर साखर घालतात. तुमची सांडग्यांची भाजी किंवा पुडाची वडी त्या डब्यातून गेली, तर पुढच्या वेळचे प्रश्न बहुधा तिच्या कृतीविषयीच असतील.